शके १९४५ चा पाडवा बालीत, आणि नंतर पाहिलेली जावातली देवळं

शेवंती

२२ मार्च २०२३. आपल्याकडे गुढीपाडवा, शके १९४५ लागलं. त्या दिवशी आई आणि मी बालीत उबुदजवळच्या एका घरात होतो आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला बंदी होती. बालीचं नवं वर्षही त्याच दिवशी होतं आणि त्यांचंही शक १९४५च. या दिवसाला ते न्येपी म्हणतात. दिवा-चूल नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. पेचालांग म्हणजे गावचे राखणदार तेवढे रस्त्यावर फिरतात आणि कुणाच्या खिडकीतून उजेड दिसला तर येऊन सांगतात. आदल्या संध्याकाळी याच्या अगदी उलट. बांबू-कागदाचे अक्राळविक्राळ पुतळे, त्यांना ओगोह-ओगोह म्हणतात, खांद्यावर घेऊन पोरं चौकाचौकात गरगर फिरवत होती, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं.

गुढी बाहेर उभारता येणार नव्हती. आईने खोलीच्या कोपऱ्यात काठी टेकवली, वर तांब्या उपडा घातला. घरमालकीणबाईंच्या परसात कडुनिंब होता, त्याला ते इंतारान म्हणतात. त्यांनी आदल्या दिवशीच पाला आणि ताडगुळाचा खडा आणून दिला होता. साखरेला त्यांच्या भाषेत ‘गुला’ म्हणतात, हे कळल्यावर आई दिवसभर खूश होती. रात्री अंगणात आलो तर अख्ख्या बेटावर एक दिवा नाही. अमावस्या नुकतीच झालेली. एवढ्या चांदण्या मी लहानपणी आजोळीच पाहिल्या होत्या.

तिथूनच जावाचं वेड लागलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही योग्यकार्ता गाठलं. ऑगस्टमध्ये तिथे पाऊस नसतो, त्यामुळे उघड्यावरची देवळं पाहायला हा काळ चांगला.

बोरोबुदूर : शहरापासून साधारण ४० किलोमीटर. शैलेंद्र राजांच्या काळातलं, आठव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन नवव्यात पुरं झालेलं. आपल्या वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाच्या काळातलं, म्हणजे जेमतेम एक पिढी आधीचं. मला हे सारखं आठवत होतं. आपल्याकडे डोंगर वरून खाली कोरत नेला, इथे टेकडीवर दगड रचत डोंगर उभा केला. आत गाभारा नाही. सहा चौकोनी थर, वर तीन गोल, ७२ जाळीदार स्तूप आणि मधोमध एक मोठा बंद स्तूप. बुद्धमूर्ती ५०४, कोरीव फलक २६७२. सगळे कथाफलक ओळीने पाहायचे तर उजवी घालत दहा प्रदक्षिणा होतात, कारण पहिल्या सज्जात चार पट्टे आहेत आणि पुढच्या तिन्हींत दोन-दोन.

आता वर जाणाऱ्यांची संख्या आणि वेळ ठरवून दिलेली आहे. सोबत वाटाड्या असतो आणि दगड झिजू नयेत म्हणून ‘उपानत’ नावाच्या विणलेल्या चपला घालाव्या लागतात. उपानह म्हणजे पादत्राण, संस्कृत शिकलेल्यांना शब्द लगेच कळेल. दहा प्रदक्षिणा त्या वेळात होत नाहीत. म्हणून जाण्याआधी चार-पाच फलक निश्चित करून जा. पहिल्या सज्जावर ललितविस्तर या ग्रंथातली बुद्धाच्या आयुष्याची १२० दृश्यं आहेत. आणि शिडाचं जहाज कुठे आहे ते वाटाड्याला आधीच विचारून ठेवा, नाहीतर राहून जातं. त्या फलकावरून खरं जहाज बांधून २००३-०४ मध्ये ते घानापर्यंत नेलं होतं.

मला सगळ्यात आवडलं ते मात्र अगदी तळाशी आहे. पायथ्याला कर्मविभंगाचे १६० फलक आहेत, कोणत्या कर्माला कोणतं फळ. बांधकाम चालू असतानाच पुढे दगडांची रुंद बैठक घालून ते झाकले गेले आणि १८८५ पर्यंत कुणाला पत्ता नव्हता. त्यांची छायाचित्रं घेऊन ते पुन्हा झाकले, आज फक्त आग्नेय कोपरा उघडा आहे. काही फलकांच्या वर कारागिरांसाठी एक-दोन शब्दांच्या सूचना कोरलेल्या तशाच राहिल्या आहेत. त्यातला एक शब्द ‘विरूप’, एक ‘स्वर्ग’. बाराशे वर्षांपूर्वी कुणीतरी पाथरवटाला सांगतंय, इथे कुरूप चेहरे काढ. मी त्या कोपऱ्यावर बराच वेळ थांबले.

प्रम्बाननच्या देवळांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, हात भरून आले.

जकार्ताकर

ताई, मनापासून लिहिलंय. वाचनखूण साठवली.

शकाचा विषय निघालाच आहे म्हणून. प्रम्बाननच्या वाटेवर कलसनचं तारा देवीचं देऊळ लागतं. बहुतेक गाड्या थांबत नाहीत, तुम्ही थांबवा. त्याचा शिलालेख संस्कृतात आहे, लिपी नागरीच्या पूर्वरूपाची, आणि काळ दिलाय शकाची सातशे वर्षं, म्हणजे इ. स. ७७८. त्याहून जुना चंगलचा लेख. संजय राजाने टेकडीवर लिंग स्थापलं त्याचा. त्यात वर्ष आकड्यांत नाही, शब्दांत आहे : श्रुति, इंद्रिय, रस. श्रुती चार, इंद्रियं पाच, रस सहा. उलट वाचायचं, शके ६५४, म्हणजे इ. स. ७३२. आपल्या आक्षीच्या मराठी शिलालेखावर शके ९३४ वाचलं जातं. माझ्या आजोबांच्या पत्रिकेवर शके होतं, लग्नपत्रिकेवर अजून असतं. परदेशात येऊन पहिल्यांदा वाटलं की ही कालगणना किती दूरवर माणसांनी रोजच्या कामाला वापरली.

अर्धविराम

सुंदर लेख. पण मला एक प्रश्न आहे. हे सगळं पाहून हा भारतीय संस्कृतीचाच विस्तार आहे असं वाटत नाही का? रामायण आपलं, बुद्ध आपला, शिव आपला, शकसुद्धा आपलं. आपण तिकडे पाहुणे म्हणून का जायचं?

शेवंती

अर्धविराम, जाताना माझ्याही मनात हेच होतं. प्रम्बाननने ते बदललं, म्हणून उत्तर प्रम्बाननमधूनच देते.

मधलं शिवाचं देऊळ ४७ मीटर उंच, दोन्ही बाजूंना ब्रह्मा आणि विष्णू, समोर वाहनांची देवळं. एका लेखावरून इ. स. ८५६ हे वर्ष धरतात. मूळ २४० देवळं होती, आज बरीचशी दगडांच्या राशी आहेत. शिवमंदिर निखळलेले दगड जुळवत उभं केलं ते १९५३ मध्ये पुरं झालं. २७ मे २००६ च्या भूकंपाने पुन्हा तडे गेले. शिवमंदिराच्या कठड्याच्या आतल्या अंगाला रामायण आहे. पूर्वेच्या पायऱ्या चढून डावीकडे वळायचं, शेषशायी विष्णूपासून गोष्ट सुरू होते, पुढचा भाग ब्रह्म्याच्या देवळावर.

आई पुढे, मी मागे. आईला रामायण तोंडपाठ. दोन-तीन फलकांपर्यंत ती मला सांगत होती, मग गप्प झाली. जटायूच्या चोचीत अंगठी होती. इथली सीता रावण नेत असताना आपली अंगठी जटायूकडे देते आणि तो ती रामाला देऊन प्राण सोडतो. पुढे तहानलेल्या रामासाठी लक्ष्मण पाणी भरतोय, आणि ते पाणी म्हणजे वर झाडावर बसून रडणाऱ्या सुग्रीवाचे अश्रू. सेतू बांधताना समुद्रातले मासे वानरांनी टाकलेले दगड गिळतायत. आई म्हणाली, “हे मला माहीत नव्हतं.” सत्तरी ओलांडलेल्या बाईने रामकथेबद्दल हे म्हणणं मी पहिल्यांदा ऐकलं. उरलेलं सगळं तिने नवख्या श्रोत्यासारखं पाहिलं.

उत्तरेच्या गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी आहे. गावातले लोक तिला रोरो जोंग्रांग म्हणतात, म्हणजे सडपातळ कुमारी. एका रात्रीत हजार देवळं बांध, मग लग्न करीन, असं तिने बांडुंग बोंडोवोसोला सांगितलं. भुतं कामाला लावून त्याने ९९९ बांधली. तेव्हा तिने पूर्वेला आगी लावल्या, बायकांना भात कांडायला बसवलं, कोंबडे आरवले, भुतं पळाली. रागाने त्याने तिलाच हजारावी मूर्ती केलं. देवी आपल्या ओळखीची, गोष्ट मात्र त्या मातीतली. तिथे मी पाहुणीच होते, आणि पाहुणी म्हणून गेल्यामुळे मला जास्त मिळालं.

जकार्ताकर

यात भर घालतो. जावाच्या महाभारतात द्रौपदी एकट्या पुंतदेवाची, म्हणजे युधिष्ठिराची बायको. श्रीकंडी, आपला शिखंडी, तिथे धनुर्धारी स्त्री आहे आणि अर्जुनाची पत्नी. पांडवांच्या बाजूने सेमार आणि त्याची पोरं गारेंग, पेत्रुक, बागोंग असतात. संस्कृत महाभारतात ही मंडळी नाहीतच. सेमार दिसायला बेढब नोकर, पण मूळचा देव, आणि राजेसुद्धा त्याचं ऐकतात. जावाच्या माणसाला विचारा, अर्जुनाइतकाच जीव सेमारवर. भारतयुद्ध हे काव्य इ. स. ११५७ मध्ये तिथल्याच कवींनी त्यांच्याच भाषेत रचलं. प्रम्बाननसमोर १९६१ पासून रामायण नृत्यनाट्य होतं, त्यातले बहुतेक कलाकार मुसलमान आहेत आणि राम-सीता करताना त्यांना त्यात काही वेगळं वाटत नाही. एवढं सगळं ज्यांनी घडवलं आणि आजवर सांभाळलं, ते त्यांचंच म्हणायला हवं.

अर्धविराम

जटायूची अंगठी आणि सेमार, दोन्ही मला नवीन. माझा प्रश्न घाईचा होता हे मान्य. भारतयुद्धाचा अनुवाद मिळतो का बघतो.

कुडाळचा पाहुणा

धागा वाचताना सारखं पिंगुळी आठवत होतं. माझं आजोळ तिथून दोन गावं पलीकडे. पिंगुळीचे ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्या नाचवतात, मागे दिवा, पुढे पांढरा पडदा. आणि चित्रकथी, म्हणजे चित्रांचं एकेक पान पुढे धरत रामायण-महाभारतातली आख्यानं गायची. सावंतवाडीच्या राजांचा आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे घरोघरी पेढे वाटले होते.

योग्यकार्ताच्या सोनोबुदोयो संग्रहालयात रात्री वायांग कुलितचा, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांचा, छोटा खेळ असतो. खरा खेळ रात्रभराचा. मी मुद्दाम पडद्याच्या मागच्या बाजूला बसलो, तिथे बसायला कुणी हरकत घेत नाही. एकटा दालांग, म्हणजे बाहुल्या नाचवणारा, पाय मुडपून बसतो, हातात बाहुल्या, पायाच्या बोटांनी पितळी पत्रे वाजवतो, सगळ्या पात्रांचे आवाज त्याचेच आणि मागच्या गामेलान वाद्यमेळाला इशाराही त्याचाच. बाहुल्या म्हशीच्या कातड्याच्या, जाळी इतकी बारीक की सावलीत दागिन्यांची नक्षी दिसते. आमच्या बाहुल्या त्यामानाने ठसठशीत, रंग अंगावर येणारे. वायांग बेबेर म्हणजे गुंडाळीच्या चित्रपटावरून कथा सांगणं, ते पाचितान भागात थोडंसं टिकलंय. ते बघायला जायचं राहिलं.

तिथे वायांगला युनेस्कोची मान्यता आहे, शाळेत शिकवतात, गावातल्या लग्नामुंजीसारख्या कार्यांना बोलावतात. पिंगुळीत दोन-चार घरं नेटाने करतायत. कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने तारकर्लीला जाताना एक तास तिथे काढावा, ही हात जोडून विनंती.

पांझराकाठ

मी शेतकरी माणूस, देवळांतलं फार कळत नाही. पण बालीला जाऊन जातिलुविहची भातखाचरं पाहिली आणि सुबक समजून घेतला, ते लिहितो.

सुबक म्हणजे एका पाटाच्या पाण्यावर असलेल्या सगळ्या शेतकऱ्यांचा संघ. प्रत्येक सुबकचं पाण्याचं देऊळ असतं आणि वर बातूर सरोवराकाठच्या उलुन दानू देवळापर्यंत ही साखळी जाते. कुणी कधी पाणी घ्यायचं, कधी पेरायचं, कधी सगळ्यांनी मिळून शेत मोकळं ठेवायचं हे देवळातल्या बैठकीत ठरतं. एका टापूतली सगळी शेतं एकदम मोकळी राहिली की उंदरांना आणि तुडतुड्यांना खायला उरत नाही. सत्तरच्या दशकात नवं बियाणं आलं आणि सरकारने सांगितलं, वेळापत्रक सोडा, जमेल तितकी पिकं घ्या. पाण्याची ओढाताण झाली आणि कीड इतकी वाढली की पिकं गेली. स्टीफन लान्सिंग या अभ्यासकाने पुढे दाखवून दिलं की देवळांचं वेळापत्रकच बरोबर होतं. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत सुबक आला.

आमच्याकडे धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड आहेत. बंधारा, कालवा, आणि खाली जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, त्यांना गावाने धान्य द्यायचं. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा, आणि त्यात ज्याची जमीन तो कुरकुर करत नसे, कारण बहुतेकांचे तुकडे सगळ्याच फडांत असत. तीन-चारशे वर्षं हे चाललं. वर धरणं झाली, विहिरी-मोटारी झाल्या, फड मोडत गेले. आमचे वडील पाटकऱ्याला काका म्हणत. जातिलुविहला बांधावर शेतकऱ्याने भाताच्या चार ओंब्या बांधून ठेवलेला छोटा देव्हारा पाहिला आणि बंधाऱ्यावरचा आमचा म्हसोबा आठवला. तिथे उभं राहून मला फार वाईट वाटलं.

शेवंती

पांझराकाठ, यावर स्वतंत्र धागा काढाच. फडातली माणसं अजून आहेत तोवर त्यांचं बोलणं नोंदवून ठेवायला हवं.

रानजाई

सगळ्यांचं लिखाण फार छान. आता माझे संसारी प्रश्न. आम्ही दोघं आणि सासूबाई (वय ६८, शाकाहारी, गुडघे दुखतात). जमेल का? आणि देवळात कपड्यांचं काय?

शेवंती

जमेल. खाण्याचं आधी सांगते. ‘तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तरासी’ हे पाठ करा. मांस नको, मासे नको आणि तरासी नको. तरासी म्हणजे सुकटाचा आंबवलेला गोळा, तो चटणीत आणि भाजीत नकळत असतो. हे तिसरं लोक विसरतात आणि मग फसतात. टेम्पे म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली वडी, तळून छान लागते. योग्यकार्ताची गुदेग म्हणजे कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि ताडगुळात तासन्‌तास शिजवलेला. फणसाची भाजी आवडणाऱ्या सासूबाईंना हमखास आवडेल, फक्त सोबत येणारं अंडं, कोंबडी आणि कातड्याचे तुकडे काढायला सांगा. क्लेपोन मिळालं तर सोडू नका. तांदळाच्या पिठाची गोळी, आत ताडगूळ, वर ओला नारळ, उकडीचा मोदकच जणू गोल झाला.

गुडघ्यांसाठी : बोरोबुदूरच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत. सासूबाईंनी खाली राहून आग्नेय कोपरा आणि पहिला थर बाहेरून पाहिला तरी पुष्कळ. प्रम्बानन सोपं, देवळांच्या पायऱ्या तेवढ्या चढायच्या. बालीतलं गुनुंग कावी मात्र टाळा, कड्यात कोरलेली अकराव्या शतकातली दहा शिखरं खाली दरीत आहेत आणि परतताना शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात. त्याऐवजी जवळचं तीर्थ एम्पुल करा. इ. स. ९६२ चं, जिवंत झऱ्यांचं. स्नानाला उतरलात तर तिथल्या माणसाला विचारून उतरा, दोन धारा मृतांच्या विधीसाठी राखलेल्या असतात.

बालीच्या देवळात कमरेला सारोंग आणि वर पट्टा लागतो, पुरुषांनाही. पाळीत बायकांनी आत जायचं नाही असा त्यांचा नियम आहे, दारावर लिहिलेलं असतं. देवळात मूर्ती दिसली नाही तर गोंधळू नका. उघडं अंगण आणि त्यात पद्मासन नावाचा उंच दगडी चौथरा असतो, वर रिकामं आसन.

ताणाबाणा

बालीच्या पूर्वेला तेंगानान गावात जा. हे बाली आगा, म्हणजे जावाच्या माजापाहित राज्यातून आलेल्या लोकांच्या लाटेआधीची वस्ती मानतात. तिथे गेरिंगसिंग विणतात. ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून रंगवायचे आणि मागावर नक्षी जुळवायची. आपल्याकडे पाटणचा पटोला याच कसबाचा, आणि पूर्वी पटोला जहाजांनी या बेटांवर जाई, राजघराणी तो जपून ठेवत. गेरिंग म्हणजे आजार, सिंग म्हणजे नाही. मुलाच्या विधीत, लग्नात, अंत्यविधीत हे वस्त्र राखण करतं अशी श्रद्धा. एका वस्त्राला वर्षं लागतात, तेव्हा घासाघीस करू नका. माझी आजी येवल्याची, मागावर बसलेल्या बाईसमोर मी आपोआप चपला काढल्या.

सुराबायाहून

पूर्व जावाकडे कुणी येतच नाही याचं वाईट वाटतं. ब्रोमो ज्वालामुखीवर सगळे सूर्योदयाचे फोटो काढून परततात. तिथे राहणारे तेंग्गेर लोक आजही हिंदू आहेत. कासाडा महिन्याच्या चौदाव्या रात्री कांदे, बटाटे, कोबी, कोंबड्या, बकरे घेऊन ज्वालामुखीच्या कडेवर चढतात आणि आत टाकतात. गोष्ट अशी, की रोरो आंतेंग आणि जोको सेगेर यांनी पंचवीस लेकरांच्या मोबदल्यात शेवटचं डोंगराला देण्याचा शब्द दिला आणि मोडला. धाकटा कुसुमा आगीत गेला आणि आतून म्हणाला, माझ्यासाठी दरवर्षी पिकातलं आणत जा. मी एकदा पहाटे तिथे होतो. राख, गंधकाचा वास, आणि रांगेत डोक्यावर पाट्या घेतलेली माणसं.

सिंगसारीचं देऊळही बघा. तिथल्या दुर्गा, गणेश, महाकाल, नंदीश्वर या मूर्ती नेदरलँड्समध्ये होत्या, २०२३ मध्ये त्या परत केल्या गेल्या.

रानजाई

सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न : पाडवा आणि न्येपी दरवर्षी एकत्र येतात का? सासूबाईंना तसंच जायचंय.

शेवंती

नाही. २०२३ मध्ये आपल्याकडे अधिक श्रावण आला, त्यामुळे २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला आणि आपला पाडवा ९ एप्रिलला होता. त्यांचा अधिक महिना पुढच्या वर्षात पडला आणि गाडी पुन्हा रुळावर आली : २०२५ मध्ये न्येपी २९ मार्च, पाडवा ३० मार्च. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चला, शके १९४८. निदान दोन दिवस आधी पोहोचा, त्या दिवशी विमान उतरत नाही. आदल्या दिवशी फळं, पाणी, दुधाची पावडर घरात घेऊन ठेवा. तांब्या घरूनच न्या, काठी तिथे मिळते.